घराण्याच्या गाठी

कात्रीबाईच्या बापाच्या डोक्यावर सात गाठी होत्या आणि त्या सातही गाठींचा त्याला भारी अभिमान होता. म्हातारा केस कापायच्या धंद्यातला, पण स्वतःच्या डोक्यावर केस औषधालासुद्धा उरले नव्हते, त्यामुळे गाठी दुरूनच दिसायच्या. गिऱ्हाईक खुर्चीत बसून आरशातून त्याच्या डोक्याकडे टकामका बघायला लागलं की तो म्हणायचा, "बघताय काय? अक्कल आत मावेना, म्हणून बाहेर आली." त्याच्या आईला पाच होत्या, बहिणीला दोन. कात्रीबाईला पंचविशी उलटल्यावर पहिली आली, मागून आणखी दोन. पहिली हाताला लागली त्या दिवशी बापाने दुकानात आलेल्या सगळ्यांना चहा पाजला. पोरगी आपलीच, आता पुरावा मिळाला, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता.

बाप गेला आणि दुकान तिच्याकडे आलं. तीन खुर्च्या, तीन आरसे, एक बेसिन. तिचं खरं नाव परवान्याच्या कागदावर असेल तेवढंच, गल्लीत ती कात्रीबाई. हात हलका आणि जीभ धारदार. ज्या माणसाच्या डोक्यात कुठे खोक आहे, कुठे चाई पडलीय, कुठे गाठ आहे हे त्याच्या बायकोला माहीत नसायचं, ते हिला माहीत असायचं. गाठीवर कंगव्याचा दात लागला तर रक्त येतं. म्हणून आधी डाव्या हाताचं बोट डोक्यावरून फिरवायचं, गाठ सापडली की तिच्यावर बोट ठेवायचं आणि मशीन बोटाच्या कडेकडेने न्यायचं, ही बापाची शिकवण. तिने ती कधी मोडली नाही.

लोक तिला मुद्दाम विचारायला यायचे. "कात्रीबाई, हे काय आलंय बघा हो." ती दाबून बघायची. गाठ बोटाखालून निसटते का, दुखते का, लाल झालीय का. मग म्हणायची, "गरीब आहे बिचारी. राहू द्या." पंचवीस वर्षांत तिचा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता आणि नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. कधीच न चुकणाऱ्या माणसाला आपण चुकतोय हे सांगायला कोण जाणार?

नवरासुद्धा तिला खुर्चीतच मिळाला. घड्याळं दुरुस्त करणारा, शांत, मान खाली घालून बसणारा माणूस. डाव्या कानामागे तिच्या बोटाला गाठ लागली आणि ती मोठ्याने म्हणाली, "अहो, तुम्ही तर आमच्यातलेच!" तो कानापर्यंत लाल झाला. पाठीवर आणखी आहेत म्हणाला, लहानपणापासूनच्या. एवढं बोलायलाही त्याला दोन हजामती लागल्या. लग्नात बापाने सांगून टाकलं, की गाठीची गाठीशी गाठ पडली, आणि लोक पोट धरधरून हसले. तो गरीब माणूस अडतिसाव्या वर्षी पोटाच्याच दुखण्याने गेला. आतड्याचा कॅन्सर, इस्पितळात नेलं तेव्हाच उशीर झाला होता. त्याचे वडीलही असेच ऐन उमेदीत पोट धरून गेले होते, पण त्या घरात ते "काहीतरी खाण्यात आलं" असंच सांगितलं जायचं. पाठीवरच्या गाठी आणि पोटातलं मरण एकाच घरात वर्षानुवर्षं राहत होते आणि त्यांची एकमेकांशी ओळख कुणी करून दिली नव्हती.

मागे दोन मुली राहिल्या. थोरली तेव्हा बारा वर्षांची, धाकटी आठची. धाकटी अंगाने गुळगुळीत. थोरलीला मात्र नवव्या वर्षीच कपाळावर गाठ आली होती. मग पाठीवर, मांडीवर, दंडावर, आणि एक जबड्याच्या कडेला, हाडासारखी टणक. शाळेत पोरं तिला "बटाटा" म्हणायची. ती रडत घरी आली की म्हणायची, "आई, मला डॉक्टरकडे ने ना." कात्रीबाई तिचं तोंड पुसून द्यायची. "अगं, आपल्या घरातलं आहे हे. आजोबांना सात होत्या, काय झालं त्यांना? ऐंशी वर्षं ठणठणीत जगले." पाठीवरची एक गाठ दप्तराने घासून सुजली तेव्हा जवळच्या डॉक्टरने ती कापून काढली. आतून पांढरं, दह्याच्या चक्क्यासारखं निघालं. ही तपासायला पाठवू का, असं त्याने विचारलंही होतं. कात्रीबाईच म्हणाली, "कशाला? मला माहीत आहे ना काय आहे ते." गाठ बादलीत गेली.

ही गोष्ट पुढे तिने स्वतःला किती वेळा सांगितली त्याला गणती नाही. पाठवा, एवढं एकच म्हणायचं होतं.

थोरली विसाव्या वर्षी दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्याने जबड्याचा फोटो काढला. हिरडीच्या आत तीन जास्तीचे दात अडकून पडले होते आणि जबड्याच्या हाडाला जागोजागी उंचवटे होते. डॉक्टर वयाने कोवळा होता, पण डोकं जागेवर असलेला. तो बराच वेळ फोटोकडे बघत बसला आणि मग त्याने दाताचं सोडून भलतंच विचारलं. "अंगावर गाठी आहेत का? घरात कुणाला आतड्याचा आजार?" थोरलीने दोन्हीला हो म्हटलं. त्याने दाढेला हातही न लावता चिठ्ठी लिहून दिली आणि याच आठवड्यात जा म्हणाला.

चिठ्ठी मोठ्या इस्पितळातल्या तिसऱ्या मजल्यासाठी होती. तिथे आनुवंशिक आजारांची एक डॉक्टरीण बसायची. टेबलावर कोरे कागद आणि जाड पेन. तिने थोरलीला नखशिखांत तपासलं, मग कात्रीबाईला म्हणाली, "आता तुमचं डोकं बघू." कात्रीबाईने केस बाजूला केले. इतकी वर्षं ती दुसऱ्यांची डोकी चाचपत आली होती, आज तिच्या डोक्यावर परकं बोट फिरत होतं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"या तीन तुमच्या वडिलांकडून आलेल्या दिसतात," डॉक्टरीण म्हणाली. "केसाच्या मुळाभोवती एक आवरण असतं, त्यातून या होतात. घराण्यात चालत येतात, तिशीच्या आसपास दिसायला लागतात, बहुतेक डोक्यावरच. यांनी कुणाचं काही बिघडत नाही."

"मग मी तेच म्हणत होते!"

"तुमच्याबद्दल बरोबर म्हणत होतात. मुलीच्या वेगळ्या आहेत." तिने कागदावर एक आडवी रेघ काढली आणि रेघेखाली एक पिशवी. "ही वरची कातडी. हिचा एखादा कण आत दुमडला जातो आणि त्याची पिशवी होते. कातडीचं काम काय, तर जुनं झालं की झडणं. बाहेर झडलेलं उडून जातं. पिशवीत झडलेलं जाणार कुठे? ते आतच साठतं, गाठ फुगते. तुमच्या गाठीतही असंच पांढरं भरतं. म्हणून हाताला दोन्ही सारख्याच लागतात."

"मला कळतो फरक हाताला," कात्रीबाई हट्टाने म्हणाली.

डॉक्टरीण त्यावर वाद घालत बसली नाही. "अशी एखाददुसरी गाठ कुणालाही येते, त्याचं काही नाही. पण दहा वर्षांच्या आत, इतक्या, कपाळावर, हातापायांवर, आणि जबड्याचं हाडही वाढलेलं, जास्तीचे दात, वडील आतड्याच्या कॅन्सरने गेलेले? मग विचार करावा लागतो. पाचव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. पेशींना 'पुरे आता, वाढू नका' असं सांगणं हे त्याचं काम. ते बिघडलेलं असलं की कातडीत गाठी येतात, हाडाला उंचवटे येतात आणि आतड्यात कोंब फुटतात. गाठींचा कॅन्सर होत नाही. कोंबांचा होतो. वेळीच काही केलं नाही तर होतोच, चाळिशीच्या आत."

"आणि या गाठी?"

"गाठी बिचाऱ्या गरीबच. त्या फक्त चुगली करतात, की आत काहीतरी चाललंय."

 अकरा वर्षं पोरीच्या कपाळावर बसून ती गाठ चुगली करत होती आणि आईने अकरा वर्षं तिचं तोंड दाबून धरलं होतं. जी गाठ बोटाला लागली म्हणून तिने नवरा पत्करला, तीसुद्धा हेच ओरडून सांगत असणार. तिने ऐकलं काय, तर "आमच्यातलेच".

थोरलीच्या आतड्यात नळी घालून बघितलं, तर कोंब मोजता येईनात. शेकड्यांनी होते. सुदैवाने एकही अजून कॅन्सरकडे फिरलेला दिसत नव्हता, पण थांबायला वेळ नव्हता. मोठं आतडं काढायचं आणि लहान आतडं खाली जोडायचं, असं सर्जनने सांगितलं. पाच आठवड्यांनी तारीख मिळाली.

घरी आल्याबरोबर थोरलीने दार लावून घेतलं आणि ती आईकडे वळली. "नऊ वर्षांची असल्यापासून मी तुला म्हणत होते. नऊ वर्षांची! तुला सगळ्या गावाच्या डोक्यातलं कळतं. माझं नाही कळलं?"

"मला वाटलं, आपल्या घरातलं..."

"ते पुन्हा बोललीस ना, तर बघ." त्या दिवसापासून तिने आईशी बोलणं टाकलं. काही हवं असलं की धाकटीकडून निरोप. एकाच खोलीत तिघी, आणि निरोप्याचं काम सोळा वर्षांच्या पोरीकडे.

कात्रीबाईचं कशात लक्ष लागेना. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला तिने कात्री लावली, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ती एकटीच सर्जनकडे जाऊन आली. "माझं आतडं चांगलं आहे. ते लावा तिला." असं करत नाहीत, हे त्याने समजावून सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने तिला पाणी दिलं आणि परिचारिकेला बोलावलं. जिन्यात बसून ती हमसून हमसून रडली. येणारे-जाणारे तिला ओलांडून जात होते.

आता सगळा जीव धाकटीत अडकला. डॉक्टरीण म्हणाली होती, प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं, छापा की काटा. आधी थोरलीच्या रक्तातून बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं, मग धाकटीच्या रक्तात तोच आहे का ते बघायचं. अहवालाला वेळ लागेल. "अंगावर गाठ नाही म्हणजे सुटली, असं समजू नका," असंही तिने बजावलं होतं. "काहींना गाठी येतच नाहीत."

समजू नका म्हणे. आईचं मन काय परवानगी विचारून समजतं? रोज सकाळी कात्रीबाई धाकटीचे केस विंचरायला बसवायची आणि विंचरता विंचरता मान, खांदे, दंड, कानामागची जागा चाचपून बघायची. "आई, मी काय मंडईतलं वांगं आहे का?" धाकटी वैतागायची, पण उठून जायची नाही. तिलाही ती बोटं फिरायला हवी असायची. अंगावर कुठे काही नव्हतं. तेवढ्यावर कात्रीबाईचा तो दिवस निभायचा.

ऑपरेशनला तीन दिवस होते तेव्हा तिच्या बोटाला ती लागली. अंगावर नव्हे, डोक्यात. टाळूच्या जरा मागे, दाट केसांखाली, ज्वारीच्या दाण्याएवढी. कात्रीबाईने पुन्हा दाबली. गोल, घट्ट, बोटाखालून निसटणारी. तिच्या पहिल्या गाठीची जागा हीच होती, आकार हाच होता. आणि काय झालं कळेना, तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"काय झालं? आई, काय झालं?"

"तुझ्या डोक्यात गाठ आहे."

धाकटी पांढरीफटक पडली.

"अगं वेडे, डोक्यात! डोक्यात आहे. ही माझी. आजोबांची. बाबांची नाही." तिने पोरीचं बोट धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, मग तिच्या डोक्यावर. "बघ, सारखीच आहे की नाही? तू माझ्यावर गेलीस. सुटलीस तू. सुटलीस गं."

या हिशेबात काय चूक आहे हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. दुकानात आयुष्य गेलं तिचं. पोरगं आईवर गेलं की बापावर, हे लोक नाक बघून ठरवतात, हिने डोकं बघून ठरवलं. धाकटी धावत आतल्या खोलीत गेली. थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. धाकटीने तिचं बोट ओढून आपल्या डोक्यावर ठेवलं, सगळं सांगितलं. थोरली उठून बसली. किती आठवड्यांनी ती आईकडे बघून बोलली. "नक्की?"

"माझी बोटं सांगतात," कात्रीबाई म्हणाली.

थोरलीने धाकटीला मिठी मारली. "बरं झालं. माझ्या एकटीवर भागलं." ऑपरेशनच्या सकाळी गाडीवर झोपवून आत नेतानासुद्धा ती हेच म्हणत होती. धाकटीला सांभाळ, तिला काही नाही, मग मला भीती नाही.

ऑपरेशन सहा तास चाललं आणि नीट पार पडलं. पोटावर छातीपासून खालपर्यंत पट्टी, नाकात नळी, कुशीवर वळणं म्हणजे दिव्य. पण सर्जन खूश होता. चौथ्या दिवशी नळी निघाली आणि धाकटी चमच्याने तिला पातळ सूप भरवायला लागली. त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की अहवाल आलाय.

कात्रीबाई पायऱ्या चढून गेली ती जवळजवळ आनंदात. खुर्चीत बसल्याबसल्या तिनेच सुरुवात केली. "डॉक्टर, तिच्या डोक्यात गाठ सापडली. अगदी माझ्यासारखी."

 डॉक्टरिणीच्या सगळं लक्षात आलं असावं, कारण तिने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून जवळ आणली. "डोक्यावर दोन्ही प्रकारच्या होतात. ती तुमची की तिच्या वडिलांची, हे मला बोटांनी सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही नाही. आणि समजा तुमची असली, तरी ते नाणं वेगळं. तुमच्याकडून एक उडतं, वडिलांकडून दुसरं उडतं. एक मनासारखं पडलं म्हणून दुसरंही तसंच पडेल असं नाही." मग तिने सांगितलं. थोरलीचा बिघाड धाकटीच्या रक्तात होता, त्याच जागी, तसाच.

पुढचं तिने नीट सांगितलं. याच महिन्यात नळी घालून बघायचं, मग दर वर्षी. कोंब कमी असले तर ऑपरेशन काही वर्षं लांबवता येतं. वेळेत कळलंय, हे मोठं आहे. तुमचे मिस्टर, त्यांचे वडील, यांना ही संधी मिळाली नाही. कात्रीबाई मान हलवत होती. तिच्या डोळ्यांपुढे त्या सकाळची वेणीफणीची खुर्ची होती आणि आपलाच आवाज कानात होता, सुटलीस गं. लेकीला आधी बुडवलं ते बापाच्या रक्ताने. तिला काठावर ओढून पुन्हा पाण्यात ढकलायचं काम मात्र आईच्या वाट्याला आलं होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने मागून घेतलं होतं.

खाली उतरताना तिने तीनदा ठरवलं, की आज सांगायचं नाही. थोरलीचे टाके काढेपर्यंत थांबू. चार दिवस. चार दिवसांनी काय बिघडतंय? खोलीच्या दाराशी ती आली तेव्हा धाकटी वाटी पुसत होती. थोरली उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा रंग आला होता.

"काय म्हणाली गं डॉक्टर?" धाकटीने हसत विचारलं. "गाठ तुझीच ना?"

काही नाही, हे दोन शब्द कात्रीबाईच्या ओठांवर तयार होते. आयुष्यभर तयारच असायचे. थोरली तिच्याकडे टक लावून बघत होती. त्या नजरेपुढे ते दोन शब्द बाहेर पडेनात.

"गाठीचं मला कळलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मला कळत नाही त्यातलं. मी चुकीचं सांगितलं तुला. रक्तात आलंय बाळा. ताईला आहे तेच."

 धाकटीने वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. आईकडे तिने बघितलंच नाही. ती थोरलीच्या पोटावरच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत.

"ताई," ती म्हणाली, "खरं सांग हं. किती दुखतं?"

थोरलीने आधी आईकडे बघितलं, मग बहिणीकडे. "खूप दुखतं," ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी पोट दाबून धरत, दात आवळून, ती इंच इंच बाजूला सरकली आणि खाटेवर धाकटीला जागा करून दिली.